नऊ गुंठे जिवंत माती

सोनगोळीत त्या वर्षी माणसं माती हुंगायला लागली, तेव्हा त्यांना कुणी वेडं म्हटलं नाही. वाटेत थांबायचं, मूठभर माती उचलायची, नाकाशी धरायची, मान हलवायची आणि टाकून द्यायची. शाळेतल्या बाईंपासून जैन बस्तीतल्या, म्हणजे मंदिरातल्या, उपाध्यांपर्यंत सगळ्यांचा हाच उद्योग. मातीला वास उरला नव्हता. कोरडी हुंगा की ओली हुंगा, नाकाला नुसता गारवा लागायचा.

डॉ. त्रिशला मगदूमला याचं कारण माहीत होतं. खरं तर कारण तीच होती, पण गाव अजून तोंडावर तसं म्हणत नव्हतं. गावानं तिचा दोनदा सत्कार केला होता, आणि दिलेली शाल परत मागायची आपल्याकडे रीत नाही.

मिरजेच्या पूर्वेचं सोनगोळी हे पानमळ्यांचं गाव. शेवरी-पांगाऱ्याच्या गर्द सावलीत नागवेली चढवायच्या, वर्षाकाठी त्या उतरवायच्या, वेटोळं करून बुंध्याशी गाडायच्या आणि शेंडा पुन्हा वर न्यायचा, असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. पानमळा म्हणजे देवघर. भोवती ताट्यांचं कुंपण, एकच दार, आणि चपला दाराबाहेर. जिल्हाधिकारी आले तरी त्यांना बूट काढायला लावणारी ही माणसं.

मग मर आली. बुरशी मुळात शिरायची आणि चार दिवसांत हिरवागार वेल उकडलेल्या भाजीसारखा लोंबायचा. त्रिशलाच्या वडिलांचा मळा असाच बसला. त्यात एक वेल तेवढा तग धरून राहिला, आणि पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या त्रिशलानं त्या वेलाच्या मुळाची माती डब्यात भरून नेली. सगळं तिथून सुरू झालं.

झाड एकट्यानं जेवत नाही. पानांत केलेल्या साखरेचा चौथा-पाचवा हिस्सा ते मुळांवाटे मातीत सोडून देतं. ही उधळपट्टी नव्हे, पंगत असते. चिमूटभर मातीत कोट्यवधी जिवाणू, हजारो जातींचे. ते ती साखर खातात आणि त्या बदल्यात कुणी स्फुरद विरघळवून देतं, कुणी हवेतलं नत्र बांधून देतं, कुणी नुसतं दार अडवून बसतं आणि रोगट बुरशीला आत येऊ देत नाही. त्रिशलाला असाच एक दार अडवणारा जिवाणू सापडला. मातीतलं लोह तो इतक्या चपळाईनं ताब्यात घ्यायचा की बुरशी लोहावाचून उपाशी मरायची.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण प्रयोगशाळेत निवडयंत्र होतं. हजारो बारीक नळ्या, प्रत्येकीत एक कोवळं मूळ. यंत्र जिवाणू सोडायचं, वाट पाहायचं, जो मुळाशी टिकला त्याची पिलावळ पुढच्या नळीत घालायचं. दोन वर्षांत दहा हजार पिढ्या झाल्या. माणसांना त्याला अडीच लाख वर्षं लागली असती. यंत्राला प्रश्न एकच विचारला होता: मुळाशी शेवटी कोण उरतं? यंत्रानं इमानेइतबारे उत्तर शोधलं. प्रश्नच अर्धवट होता, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

त्या जिवाणूचं नाव तिनं ‘राखण’ ठेवलं.

राखण सगळ्यांत आधी पडली ती तिच्या धाकट्या भावाच्या, श्रेणिकच्या मळ्यात. त्यानं विचार केला नाही की प्रश्न केला नाही. "आक्कानं केलंय न्हवं? मग आण हिकडं," एवढंच म्हणाला. दोन महिन्यांत त्याच्या वेलांना हातभर शेंडे आले, पान तळव्याएवढं रुंद आणि जिभेवर ठेवलं की कानातून वाफ निघावी असं तिखट. वर्षभरात गावातल्या सगळ्या मळ्यांत राखण गेली. घरांपुढच्या बागांत, गुलाबाच्या कुंड्यांत, बस्तीतल्या पारिजातकाखालीही गेली.

नाही म्हणाला तो एकच माणूस. आदगोंडाकाका, त्रिशलाच्या वडिलांचे चुलतभाऊ. नऊ गुंठ्यांचा मळा, मुलंबाळं नाहीत, गुडघे कुरकुरणारे आणि जीभ त्याहून जास्त.

"राखणदार दारात शोभतोय, पोरी," ते म्हणाले होते. "त्याला सैपाकघरात कशाला नेऊन बसवतीस?"

लोक हसले. त्रिशलाही हसली. मरीत काकांचे अर्धे वेल गेले, उरलेले त्यांनी शेणखतावर आणि शिव्यांवर जगवले.

सहा वर्षं भरभराट झाली. सातव्या वर्षी पान लहान झालं. आठव्या वर्षी तिखटपणा गेला. मग माती हाताला सुटी-सुटी लागायला लागली, पाणी दिलं की चिखल व्हायचा आणि वाळली की फरशी. आणि वास गेला.

त्रिशलानं सुई टोचून माती तपासली. ही सुई आता शेतकऱ्यांच्या खिशात पेनासारखी असते. मातीत टोचली की कोणते जिवाणू किती, ते दहा मिनिटांत सांगते. श्रेणिकच्या मळ्यात एके काळी सात हजार जाती होत्या. सुईनं आता शंभरातल्या नव्याण्णव जागी एकच नाव दाखवलं. राखणीनं बुरशीला हाकललं, तसं नत्र देणाऱ्याला, स्फुरद देणाऱ्याला, मातीचे कण चिकटवणाऱ्या बुरशीला आणि मातीला वास देणाऱ्या जिवाणूंनाही हाकललं होतं. पंगतीला हा एकटाच जिवाणू उरला. आणि एकट्याला काम करायची गरज काय? वेल साखर सोडत राहिला, तो खात राहिला, बदल्यात काहीच देईना. वेल उपाशी मरायला लागले.

वाफेनं माती भाजून पाहिली. औषधं ओतून पाहिली. बाकीचं होतं नव्हतं ते मेलं, महिन्याभरात राखण पुन्हा हजर. तिला हटवण्यासाठी ती पुरी भरलेली पंगतच परत हवी होती, आणि ती प्रयोगशाळेत घडवता येत नव्हती. मातीतले शंभरातले नव्वदहून जास्त जीव काचेच्या ताटलीत वाढतच नाहीत. माणसाला ते मारता येतात, करता येत नाहीत. त्रिशलानं रडून घेतलं आणि सोनगोळीची वाट धरली.

साऱ्या टापूत राखण न शिरलेली पानमळ्याची माती एकाच ठिकाणी उरली होती. आदगोंडाकाकांचे नऊ गुंठे. बेत साधा होता. जुनी माती उपसायची, भाजलेली नवी माती घालायची आणि दुधाला विरजण लावावं तशी तिला काकांच्या मळ्यातली मूठ-मूठ माती लावायची. दहा-बारा वर्षांत सोनगोळी पुन्हा उभी राहिली असती. अट एवढीच की विरजण नासता कामा नये.

म्हणून काकांच्या दारात निळ्या औषधाचं टाकं बसवलं आणि वर त्रिशलानं स्वतः लिहिलेली पाटी लावली: ‘पादत्राणे या द्रावणात बुडवल्याशिवाय आत प्रवेश नाही.’ आत जायची परवानगी दोघांनाच, काकांना आणि तिला. श्रेणिक काकांच्या गुडघ्यांमुळे रोज येऊन पाणी सोडायचा, पण तो बाहेरच्या पाटावरूनच. आत जायचं नाही, हे त्यानं स्वतःहून ठरवून घेतलं होतं.

माती घ्यायला ती आली तो दिवस सुरेख होता. सकाळी श्रेणिकबरोबर त्याच्या वाळत चाललेल्या मळ्यात एक फेरी मारली. मग बांधाबांधानं ती काकांकडे आली. टाक्याशी थांबून तिनं चपला काढल्या, हातानं निळ्या पाण्यात नीट बुडवल्या, मनात तीस आकडे मोजले आणि त्या ताटीशी उन्हात उभ्या करून ठेवल्या. हातमोजे चढवले, तोंडाला फडकं बांधलं. वाकून उंबऱ्याची माती कपाळाला लावली आणि आत गेली.

आत गारवा होता. आणि वास. आठ महिन्यांनी तिला मातीचा वास आला, आणि ती पहिल्या वेलापाशीच मटकन बसली.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"काही नाही. वास आला."

"घे की मग. वासाला काय पाणीपट्टी न्हाई."

त्यांचं हसू तिनं किती वर्षांनी पाहिलं होतं. नमुने घ्यायचे ते नागमोडी चालीनं, म्हणजे मळ्याचा प्रत्येक भाग हाती लागतो. दाराशी एक, मग डाव्या कोपऱ्याकडे तिरपं, मग उजवीकडे, असं करत ती वीस ठिकाणी उकिडवी बसली आणि वीस डबे भरले. निघताना काकांनी तिच्या हातावर पान ठेवलं. ते इतकं तिखट होतं की डोळ्यांत पाणी आलं, निदान तिनं तरी तसंच सांगितलं.

चार महिन्यांनी काकांच्या मळ्यात राखण सापडली.

सहाशे ठिकाणी सुई टोचून नकाशा काढला गेला. प्रत्येक मळ्यातली राखण एव्हाना थोडी-थोडी वेगळी झाली होती, त्यामुळे ती कुठून आली हे सांगता यायचं. कृषी खात्याच्या समितीच्या अहवालात एकच ओळ ठळक होती: ‘उगम — श्रेणिक मगदूम यांचा मळा.’ गावाला तेवढं पुरे होतं. रोज पाणी सोडायला कोण जात होतं? श्रेणिक. झालं. दुधाच्या संस्थेत तो आला की बोलणं थांबायचं. देवळात त्याच्या शेजारचा पाट रिकामा राहायचा.

नकाशा त्रिशलाकडे सहीसाठी आला. तिनं पडद्यावर तो उघडला आणि हातातला चहा तसाच धरून बसली.

पाटातून आली असती तर लाल ठिपके पाण्याच्या वाटेनं, सरीसरीनं गेले असते. ते तसे नव्हते. दाराशी एक, मग डाव्या कोपऱ्याकडे तिरपे, मग उजवीकडे. मोजून वीस, आणि मधल्या साऱ्या मातीवर फिकट गुलाबी छटा; निखळ जागा उरलीच नव्हती. आपण चाललो ती वाट कुणीतरी लाल खडूनं आखून दिली होती. तिनं खाली आपल्या पायांकडे पाहिलं. चपला बुडवल्या होत्या. हातांना मोजे होते. आणि त्याच सकाळी श्रेणिकच्या मळ्यात फिरून आलेले पाय तिनं तसेच, उघडे, त्या मातीवर ठेवले होते. पाटी तिनंच लिहिली होती. पानमळ्यात चप्पल घालून जायचं असतं, हा विचार लिहितानाही तिच्या डोक्यात आला नव्हता, कारण तो तिथल्या कुणाच्याच डोक्यात येत नाही. चपलांचं निर्जंतुकीकरण मात्र अगदी चोख झालं होतं.

ती सोनगोळीला गेली आणि श्रेणिकला सगळं सांगितलं. तो गोठ्यात वैरण टाकत होता. त्यानं काम थांबवलं नाही.

"मला ठाऊक हाय," तो म्हणाला. "तू आत गेलीस तवा मी पाटावरच हुतो. चपला ताटीशी दिसल्या. मलाबी तवा काय वाटलं न्हाई. आपलं नेहमीचंच."

"मग तू बोलला का नाहीस? लोक तुला—"

"आक्का, तुझ्याकडं ते डबे हायत न्हवं? किती चांगलं निघालं?"

"विसातले तीन. बाकी सगळ्यांत राखण आहे, आधी सुईला दिसली नव्हती."

"तीन तर तीन." त्यानं हात झटकले. "तू कबूल झालीस की खातं तुला काढून टाकंल. मग त्या डब्यांना कोण बघंल? त्यांस्नी काय कळतंय? मी पानमळेवाला. माझं नाव गेलं तर काय जातंय? मळा तर गेलाच हाय. तू गप बस."

"श्रेणिक, अरे..."

"गप बस म्हटलं न्हवं. डबे जगीव."

आणि त्रिशला गप बसली. भावाचं नाव तिनं तीन डब्यांसाठी पणाला लावलं. चूक होती हे तिला कळत होतं, आणि तरीही तिनं अहवालावर सही केली. ते तीन डबे जगले तर श्रेणिकची मान एक दिवस पुन्हा ताठ करू, असं तिनं स्वतःला सांगितलं. माणूस स्वतःला काय वाटेल ते सांगतो.

मातीला डब्यात फार दिवस राहवत नाही. मुळं नाहीत, साखर नाही, वरून पडणारा पाला नाही. एकेक जात भुकेनं निघून जाते. त्रिशलानं तिन्हींत नागवेलीचं एकेक काडं लावलं, गार अंधारी सावली दिली, रोज सुई टोचली. पाचव्या आठवड्यात पहिल्या डब्यात राखण दिसली. हातमोज्यावरून गेली की आधीपासूनच सुईला न दिसण्याइतकी बारीक होती, कोण जाणे. आठव्या आठवड्यात दुसऱ्यात दिसली. तिसऱ्यात राखण कधीच आली नाही. पण सात हजारांचे तीन हजार झाले, तीन हजारांचे चारशे, आणि एका सोमवारी काडं मुळाशी काळं पडून कललं. त्रिशलानं डबा नाकाशी धरला. पुण्याच्या त्या पांढऱ्या खोलीत ती बराच वेळ नुसती हुंगत उभी राहिली.

मग तिनं खात्याला पत्र लिहिलं. त्यात सगळं होतं, नागमोडी वाट, पाय, सही. खात्याचं उत्तर दोन ओळींचं आलं. त्यांनी तिच्या प्रामाणिकपणाची नोंद घेतली होती आणि सोनगोळीचा प्रकल्प महिन्यापूर्वीच बंद केला होता.

श्रेणिकला सांगायला ती गेली, तर घराला कुलूप. शेजारच्या काकूंनी सांगितलं, कोल्हापूरला कुठल्याशा गोदामात कामाला लागलाय, बायको-पोरीला घेऊन गेला. "कुणाला सांगूनसुदिक गेला न्हाई बघ. कुणाला सांगणार? बोलत हुतं कोण त्याच्याशी?" काकू म्हणाल्या, आणि लगेच आठवल्यासारखं, "तू बस की, च्या टाकतो."

ती बसली नाही. काकांच्या मळ्याकडे निघाली.

आदगोंडाकाका ताटीच्या दाराशी दगडावर बसले होते. टाक्यातलं निळं पाणी आटून तळाशी पोपडे धरले होते. पाटी अजून होती. तिनं चालत-चालतच बोलायला सुरुवात केली, थांबली असती तर धीर झाला नसता.

"काका, श्रेणिकनं नाही आणली. मी आणली. माझ्या पायांनी."

काकांनी मान वर केली नाही. अंगठ्याला चढवलेलं पान खुडायचं लोखंडी नख ते फडक्यानं पुसत होते.

"श्रेणिक आला हुता तवाच," ते म्हणाले. "माझ्या पायानं गेलं काका, म्हणला. मी म्हटलं, पाटावरचा माणूस तू, उगं दुसऱ्याचं पाप कशाला अंगावर घेतोस?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"वेल वाळाय लागले कुठनं? तू बसलीस तिथनं. एक, दोन, तीन. मी रोज फिरतोय आत. मला नकाशा लागतोय व्हय?"

"मग तुम्ही गावाला का नाही सांगितलं? श्रेणिक गेला काका. घर बंद करून गेला."

"तो म्हणला, डबे जगू देत." काकांनी नख खिशात ठेवलं. "डबे कसे हायत?"

त्रिशलानं नकारार्थी मान हलवली.

पलीकडच्या बांधावर कुणीतरी पंप सुरू केला, थोडा वेळ चालवला आणि बंद केला. काकांच्या चेहऱ्यावर राग असता तर तिला बरं वाटलं असतं. राग नव्हता. थकलेला माणूस बसतो तसे ते बसले होते.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "माझ्याकडे गाडीत बूट होते. नवे, पांढरे, प्रयोगशाळेचे. ते घातले असते तर काही झालं नसतं. मला आठवलंसुद्धा नाही."

"घातले असतेस तर मी तुला ताटीच्या आत घेतलं असतं व्हय?"

तिनं विचार केला. खोटं बोलायचं काही कारण उरलं नव्हतं. "नाही," ती म्हणाली.

"मग." काका गुडघ्यांवर हात टेकून उठले. "बुटानं आली असतीस तर दारातनंच परत धाडली असती. अनवाणी आलीस म्हणून घेतली. कसंबी केलं असतंस तरी गावाला माती मिळाली नसती. चल, आत बघून घे एकदा. उद्या शेवरी तोडाय माणसं येणार हायत."

त्यांनी दार ढकललं. आतला उजेड बाहेरच्याइतकाच होता, सावली धरायला पानंच राहिली नव्हती. त्रिशला दाराशी वाकली आणि चपलेचा पट्टा सोडायला लागली.

"असू दे," काका पुढून म्हणाले. त्यांच्या पायात वहाणा होत्या. "आता कशाला काढतीस?"

त्रिशलानं पट्टा पुन्हा लावला, आणि जन्मात पहिल्यांदा ती चपला घालून पानमळ्यात शिरली.